साध्या गाठीचा लांबचा हिशेब

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात स्तनात गाठ घेऊन येणाऱ्या बाईच्या वाट्याला बहुधा एकच इलाज यायचा. विल्यम हालस्टेडने तिथे रूढ केलेल्या शस्त्रक्रियेत स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या ग्रंथी सगळे एकसंध काढून टाकत. हालस्टेडच्या हाताखाली तयार झालेला जोसेफ कोल्ट ब्लडगुड सर्जन होताच, पण त्याचा जीव रमायचा तो काढलेल्या तुकड्यांत. तुकडा जपायचा, त्याच्या काचपट्ट्या करायच्या आणि ती बाई पुढे कशी आहे याची वर्षानुवर्षे चौकशी करायची, हा त्याचा खाक्या. त्यातूनच एक अडचणीची गोष्ट त्याच्या ध्यानात आली. कर्करोगातून बऱ्या झाल्या म्हणून मोजलेल्या काही बायकांना मुळात कर्करोग नव्हताच. त्यांच्या स्तनात पाण्याच्या गाठी होत्या, कापताना निळसर घुमटासारख्या वर येणाऱ्या. अशा गाठीसाठी अख्खा स्तन काढू नये, असे ब्लडगुड १९२१ च्या सुमारास सांगू लागला.

मग या साध्या गाठी खरोखर साध्या की उद्याच्या कर्करोगाची आजची पायरी? या प्रश्नाने पुढची साठ वर्षे पॅथॉलॉजिस्टांचे दोन तट पाडले. पायरी मानणाऱ्यांचा पुरावा असा, की कर्करोगाने काढलेल्या स्तनात शेजारीच हे साधे बदल हमखास सापडतात. पुरावा वजनदार वाटतो खरा, पण त्यात एक भोक होते. कर्करोग नसलेल्या स्तनात ते किती सापडतात, हे कोणी पाहिले होते? न्यूयॉर्कच्या व्हर्जिनिया फ्रँट्झ आणि सहकाऱ्यांनी पाहिले. १९५१ मध्ये त्यांनी इतर कारणांनी मृत्यू पावलेल्या २२५ स्त्रियांच्या शवविच्छेदनाचा अभ्यास छापला. वरवर निरोगी असलेल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत तेच बदल होते. निम्म्या बायकांना असणाऱ्या गोष्टीला आजार म्हणायचे का, हा प्रश्न तेव्हाच सुटायला हवा होता. तो सुटला नाही. ‘फायब्रोसिस्टिक डिसीज’ हे नाव रिपोर्टात लिहिले जात राहिले आणि त्या नावाच्या धास्तीने १९६० आणि ७० च्या दशकांत अमेरिकेत कित्येक बायकांचे कर्करोग नसलेले स्तन आतून पोखरून त्या जागी सिलिकॉन भरले गेले.

दरम्यान उंदरांनी एक दार उघडून दिले. बर्कलेच्या केनेथ डीओम यांनी १९५९ मध्ये एक देखणा प्रयोग छापला. लहान मादी उंदराच्या स्तनातली दुधाची ग्रंथी वाढण्याआधीच काढायची, मागे नुसती चरबी ठेवायची आणि त्या रिकाम्या चरबीत दुसऱ्या मादीच्या स्तनातली साध्या वाढीची गाठ रोवायची. रोवलेल्या गाठी चरबीत पसरल्या आणि त्यांतून कर्करोग उगवले. साधी दिसणारी पेशीही पुढचा रस्ता आपल्यातच घेऊन हिंडू शकते, हे उंदरापुरते तरी पक्के झाले. (आपल्याकडे मुंबईत कमल रणदिवे याच काळात उंदरांच्या जातींवर स्तनाच्या कर्करोगातली आनुवंशिकता, संप्रेरके आणि विषाणू यांची गुंतागुंत उलगडत होत्या. त्या इतिहासाला वेगळा लेख लागेल.) पण बाई म्हणजे उंदीर नव्हे. तिच्या स्तनात गाठ रोवून पाहता येत नाही.

डीओम यांच्याबरोबर काम केलेले रॉबर्ट वेलिंग्ज मग माणसाच्या स्तनाकडे वळले. अख्खा स्तन पातळ पातळ कापायचा, रंगवायचा आणि कमी ताकदीच्या भिंगाखाली इंचाइंचाने वाचायचा, असे काम हॅने जेन्सन आणि इतरांबरोबर त्यांनी जवळजवळ दोनशे स्तनांवर केले. १९७५ मध्ये छापलेल्या त्यांच्या नकाशाने एक जुनी समजूत बदलली. बहुतेक साधे बदल आणि बहुतेक कर्करोग मोठ्या दूधवाहिन्यांतून न उगवता एकाच जागेतून उगवतात, ती जागा म्हणजे वाहिनीचे शेवटचे टोक आणि त्याला लगडलेले दुधाच्या पिशव्यांचे झुबके. संशयिताचा पत्ता सापडला. तो गुन्हा करेल की नाही, हे मात्र नकाशा सांगू शकत नव्हता.

ते सांगायला काळच लागणार होता, आणि काळ साठवलेला होता टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिलमध्ये. व्हँडरबिल्ट विद्यापीठाचे पॅथॉलॉजिस्ट डेव्हिड पेज आणि संख्याशास्त्रज्ञ विल्यम ड्युपाँट यांनी शहरातल्या ३ रुग्णालयांच्या कपाटांतून १९५० आणि ६० च्या दशकांतल्या साध्या बायॉप्स्या बाहेर काढल्या. ओळीने १०,३६६. त्यांतली प्रत्येक काचपट्टी नव्याने वाचली, जुना रिपोर्ट काय म्हणतो ते बाजूला ठेवून. मग त्या बायकांचा शोध सुरू झाला. कोणाचे लग्न होऊन आडनाव बदललेले, कोणी गाव सोडलेले, कोणी वारलेले. अखेर ३,३०३ स्त्रियांचे पुढे काय झाले ते कळले, आणि मधला काळ साधारण १७ वर्षांचा होता. मला या सबंध इतिहासात सगळ्यांत मोलाचे वाटते ते हे पाय झिजवण्याचे काम. त्यात प्रयोगशाळेची चमक नाही, पण पुढच्या चाळीस वर्षांत जे जे उभे राहिले ते याच पायावर.

१९८५ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये निकाल आला. साधी बायॉप्सी झालेल्या सुमारे ७० टक्के बायकांचा धोका वाढलेला नव्हताच. पेशी नुसत्या जास्त वाढलेल्या, पण शिस्तीत असलेल्यांचा धोका १.९ पट. आणि थोड्याच बायकांत दिसणारा एक बदल, ज्यात पेशी वाढलेल्या तर असतातच, शिवाय एकसारख्या, ताठ, कर्करोगाच्या वळणाने मांडलेल्या दिसू लागतात, तरी कर्करोग म्हणण्याइतक्या नाहीत. याला म्हणायचे ॲटिपिया. तो बदल असलेल्या बायकांचा धोका ५.३ पट निघाला. ॲटिपियाच्या जोडीला घरात कोणाला स्तनाचा कर्करोग झालेला असेल, तर ११ पट.

त्याच्या तीनच वर्षे आधी, १९८२ मध्ये, याच नियतकालिकात बॉस्टनच्या सुसान लव्ह, रिबेका गेलमन आणि विल्यम सायलेन यांनी ‘फायब्रोसिस्टिक डिसीज’ हा मुळात आजार आहे का, असे रोखठोक विचारले होते. नॅशव्हिलच्या आकड्यांनी त्याला उत्तर दिले. १९८५ च्या ऑक्टोबरात अमेरिकन पॅथॉलॉजिस्टांच्या संघटनेने न्यूयॉर्कमध्ये बैठक घेतली आणि पेज यांची तीन पायऱ्यांची मांडणी मान्य केली. ते जुने नाव रिपोर्टातून हळूहळू मागे सरू लागले. लाखो बायकांच्या मनावरचा दगड एका तक्त्याने उतरला, हे सहसा कोणी सांगत नाही.

पण थोड्या बायकांच्या मनावर नवा दगड ठेवला गेला, आणि तो ठेवणारा हात किती स्थिर होता? हुआन रोसाई या नामवंत पॅथॉलॉजिस्टने १९९१ मध्ये खोडी काढली. सीमेवरच्या १७ गाठींच्या काचपट्ट्या त्याने ५ जाणत्या पॅथॉलॉजिस्टांकडे पाठवल्या. एकाही गाठीवर पाचांचे एकमत झाले नाही. एकच काचपट्टी कोणी साधी म्हणे, कोणी कर्करोग. पुढच्याच वर्षी स्टुअर्ट श्निट यांनी प्रयोग पुन्हा केला, पण आधी सगळ्यांना पेज यांचे निकष शिकवून. तेव्हा २४ पैकी ५८ टक्के गाठींवर पूर्ण एकमत झाले. सुधारणा मोठीच. तरी २०१५ मध्ये जोआन एलमोर यांच्या पाहणीत ११५ पॅथॉलॉजिस्टांनी ॲटिपियाच्या बाबतीत तज्ज्ञमंडळाशी जुळणारे निदान दिले ते ४८ टक्के वेळाच. पसरलेल्या कर्करोगाच्या बाबतीत हेच प्रमाण ९६ होते. डोळा टोकाला अचूक असतो, मध्यावर डळमळतो.

म्हणूनच १९९० च्या दशकात सगळ्यांच्या नजरा रेणूंकडे लागल्या. माणसाच्या डोळ्याला वाद घालता येतो, रेणूला नाही, अशी ती आशा. पण अडचण साधी होती. पुढे काय झाले हे ज्यांच्याबद्दल ठाऊक होते, त्या बायकांचे तुकडे फॉर्मलिनमध्ये मुरवून मेणाच्या ठोकळ्यांत बंद होते. फॉर्मलिन प्रथिनांना एकमेकांशी जखडून टाकते, त्यामुळे त्यांवर चिकटणारी प्रतिपिंडे चिकटत नाहीत. ही कोंडी १९९१ मध्ये शान-रोंग शी यांनी फोडली. काचपट्टी मायक्रोवेव्हमध्ये उकळायची. बस्स. उकळल्यावर जखडलेली प्रथिने पुन्हा मोकळी झाली आणि कपाटांतल्या लक्षावधी ठोकळ्यांना एकदम वाचा फुटली. १९९६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत मायकेल एमर्ट-बक, लान्स लिओटा आणि मंडळींनी लेसरने काचपट्टीवरून नेमक्या हव्या त्याच पेशी उचलण्याची युक्ती काढली. आता एका वाहिनीतल्या मूठभर पेशींचा डीएनएही तपासता येऊ लागला.

मग उमेदवारांची रांग लागली. पेशीची राखण करणारे पी-५३ हे प्रथिन बिघडले की केंद्रकात साचते. कॅनडाच्या राष्ट्रीय स्तनतपासणी प्रकल्पातल्या जुन्या साध्या बायॉप्स्यांवर थॉमस रोहन यांनी १९९८ मध्ये ते शोधले. ते साचलेल्या बायकांचा धोका सुमारे अडीच पट दिसला. हर-२ या दुसऱ्या प्रथिनाने मात्र त्याच पाहणीत काही सांगितले नाही, जरी दुसऱ्या एका अभ्यासात त्याच्या जनुकाच्या वाढीव प्रती असणाऱ्या साध्या गाठी धोक्याच्या निघाल्या. १९९९ मध्ये ब्राझीलच्या हेलेनिस गोबी यांनी पेज आणि ड्युपाँट यांच्याबरोबर नॅशव्हिलचेच ठोकळे उकळले आणि पेशीची वाढ रोखणाऱ्या टीजीएफ-बीटा या संदेशाचा ग्राहक जिथे हरवला आहे, तिथे धोका वाढलेला दाखवला. प्रत्येक शोधाबरोबर अग्रलेख यायचे, आता दवाखान्यात चाचणी येईल असे वाटायचे. ती यायची नाही. आकडे लहान, अनिश्चिततेचा पट्टा रुंद, आणि दुसऱ्या शहरातल्या बायकांत तेच पुन्हा दिसेल याची खात्री नाही.

गुणसूत्रांकडून आलेली बातमी जास्त गंभीर होती. सुनील लखानी यांनी १९९५ मध्ये दाखवले, की ॲटिपियाच्या पेशी सोळाव्या आणि सतराव्या गुणसूत्रांचे तुकडे गमावून बसलेल्या असतात आणि एकाच पूर्वज पेशीची ती संतती असते. म्हणजे डोळ्याला दिसलेली ती शिस्तबद्ध एकसारखी वाढ खरोखरच एका घराण्याची होती. पेज यांचा डोळा बरोबर होता. तीन वर्षांनी पीटर ओ’कॉनेल, क्रेग ऑलरेड यांनी ३९९ गाठी तपासल्या. ॲटिपियांपैकी ४२ टक्क्यांत गुणसूत्रांची हानी दिसली. त्याहून चकित करणारा आकडा दुसरा होता. ॲटिपिया नसलेल्या, नुसत्या वाढलेल्या पेशींतही हे प्रमाण ३७ टक्के होते. आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या हेलन स्मिथ यांच्या गटाने १९९६ मध्ये ‘सायन्स’मध्ये दाखवून दिले होते, की कर्करोगाशेजारच्या, भिंगाखाली पूर्णपणे निरोगी दिसणाऱ्या ग्रंथीतही तिसऱ्या गुणसूत्राचा तुकडा कर्करोगातल्यासारखाच हरवलेला असू शकतो. पायऱ्यांची जी शिडी सगळ्यांनी मनात उभारली होती, तिची पहिली पायरी दिसणाऱ्या जमिनीच्याही खाली होती.

नवे शतक उजाडले तेव्हा मध्यवर्ती गाव बदलले होते. मिनेसोटातल्या रॉचेस्टरचे मेयो क्लिनिक हे एका अर्थी अशा कामासाठी शंभर वर्षे तयारी करत आले होते. १९०५ मध्ये तिथल्या लुई विल्सनने गोठवलेल्या तुकड्यावर झटपट निदान करण्याची पद्धत बसवली, १९०७ मध्ये हेन्री प्लमरने प्रत्येक रोग्याला एक क्रमांक आणि एकच फाइल अशी व्यवस्था लावली, आणि त्यापुढे तिथे ना कागद टाकला गेला ना ठोकळा. लिन हार्टमन यांनी १९६७ ते १९९१ मधल्या ९,०८७ साध्या बायॉप्स्यांचा पाठपुरावा केला आणि २००५ मध्ये निकाल छापला. ॲटिपिया असेल तर ४.२४ पट धोका, नुसती वाढ असेल तर १.८८, काहीच नसेल तर १.२७. वेगळे राज्य, वेगळ्या बायका, वेगळे डोळे, आणि आकडे मात्र नॅशव्हिलच्या पंगतीत बसणारे. पुढे २५ वर्षांच्या हिशेबात ॲटिपिया असलेल्या सुमारे ३० टक्के बायकांना कर्करोग झाला, असे हार्टमन यांनी २०१५ मध्ये मांडले तेव्हा त्या लेखाच्या लेखकांत विल्यम ड्युपाँटही होते.

याच गटाने रेणूंची सगळ्यांत चिकाटीची झडती घेतली. सूज आणि वेदना यांत भाग घेणाऱ्या कॉक्स-२ या विकराचा रंग ॲटिपियात जितका गडद, तितका पुढचा धोका जास्त. हे तर औषधाचे दार वाटले, कारण कॉक्स-२ रोखणाऱ्या गोळ्या बाजारात होत्याच. पण त्यांच्यापैकी रोफेकॉक्सिब २००४ मध्ये हृदयविकाराच्या धोक्यामुळे मागे घ्यावी लागली होती आणि निरोगी बाईला वर्षानुवर्षे असली गोळी देण्याची उमेद तिथेच ओसरली. केआय-६७ हे प्रथिन, जर्मनीतल्या कील गावात १९८३ मध्ये सापडलेल्या प्रतिपिंडाने ओळखले जाणारे, विभाजनाच्या तयारीत असलेल्या पेशी दाखवते. २०१० मध्ये दिसले, की ॲटिपियात ते २ टक्क्यांहून जास्त पेशींत असेल तर धोका वाढतो तो पहिल्या दहा वर्षांत. नंतर त्याचे सांगणे फिके पडते. मला हा निकाल सगळ्या खुणांमध्ये शहाणा वाटतो, कारण होईल की नाही यापेक्षा केव्हा, हे विचारायला तो शिकवतो.

आणि याच बायकांनी एक कडवट धडाही दिला. धोका मोजण्यासाठी मिचेल गेल यांनी १९८९ मध्ये बांधलेले सूत्र अमेरिकेत सर्रास वापरले जाते. मेयोच्या ॲटिपिया असलेल्या ३३१ बायकांवर ते लावून पाहिले, तर कोणाला कर्करोग होईल आणि कोणाला नाही हे ओळखण्यात त्याचा गुण ०.५० आला. नाणे उडवले तरी तेवढाच येतो. उलट भिंगातून सहज मोजता येणाऱ्या दोन गोष्टी कामी आल्या. ॲटिपिया किती ठिकाणी आहे. तीन किंवा जास्त जागी असेल तर धोका चढतो. आणि वयाबरोबर दुधाचे झुबके आक्रसून गेले आहेत की नाहीत. पूर्ण आक्रसलेल्या स्तनात धोका सरासरीहून थोडा कमीच, मुळीच न आक्रसलेल्यात १.८८ पट. वेलिंग्ज यांनी दाखवलेल्या पत्त्यावरचे घरच पडले, तर राहणार कोण?

हे सगळे चालू असताना औषधाची बाजू मात्र रेणूंची वाट पाहत थांबली नव्हती. बर्नार्ड फिशर यांच्या १३,३८८ स्त्रियांवरच्या चाचणीत टॅमॉक्सिफेन या गोळीने पसरणारा कर्करोग निम्म्याने कमी केला, आणि ॲटिपिया असलेल्यांत तर ८६ टक्क्यांनी. हे १९९८ साली. तरी बहुतेक बायकांनी गोळी नाकारली. गर्भाशयाचा कर्करोग, रक्ताच्या गुठळ्या आणि अंगातून निघणाऱ्या वाफा, हे सगळे त्यांना ठाऊक होते. २०१९ मध्ये इटलीच्या आंद्रेआ देचेन्सी यांनी ५०० स्त्रियांवर दाखवले, की रोज २० ऐवजी ५ मिलिग्रॅम, तेही तीनच वर्षे, एवढ्यानेही धोका निम्म्यावर येतो. वीस वर्षे नव्या खुणा शोधण्यात गेली आणि उपयोगाची गोष्ट निघाली जुन्याच गोळीचा चतकोर.

रेणूंच्या शोधाला शेवटी जे सापडले, ते कोणी मागितलेच नव्हते. इंडियाना विद्यापीठात २००७ पासून निरोगी बायका सुट्टीच्या दिवशी रांग लावून आपल्या स्तनाचा तुकडा दान करत आल्या आहेत. सुसान कोमेन यांच्या नावाने चालणारी ती पेढी निरोगी स्तनाची पहिलीच. त्याआधी संशोधक ‘निरोगी’ म्हणून वापरत ते ऊतक बहुधा कर्करोगाशेजारचे किंवा स्तन लहान करण्याच्या शस्त्रक्रियेतून आलेले असे. निरोगी स्तनाकडेच असे लक्ष वळल्यावर २०२४ मध्ये ह्यूस्टनच्या निकोलस नॅव्हिन यांच्या गटाने ४९ निरोगी स्त्रियांच्या पेशी एकेक करून वाचल्या. प्रत्येकीत थोड्या, साधारण ३ टक्के, पेशींची गुणसूत्रे बिघडलेली होती, आणि बिघाड बरेचसे तेच, जे कर्करोगात दिसतात. पहिल्या गुणसूत्राचा लांब हात जास्तीचा, सोळाव्याचा हरवलेला.

त्याच्या वर्षभर आधी क्योटोच्या सेइशी ओगावा यांच्या गटाने काही बायकांच्या कर्करोगाची आणि त्याच स्तनातल्या साध्या गाठींची एकत्र वंशावळ मांडली होती. पहिल्या आणि सोळाव्या गुणसूत्रांचा तोच बिघाड घडला होता वयात येण्याच्या सुमारास किंवा त्यापुढच्या काही वर्षांत, कर्करोग दिसण्याच्या कित्येक दशके आधी. तिशीच्या सुरुवातीला त्या घराण्याचा सामाईक पूर्वज तयार झाला आणि पुढे त्याच्या काही शाखा कर्करोग झाल्या, काही आयुष्यभर साध्याच राहिल्या. म्हणजे ॲटिपियाची खूण आणि कर्करोगाची खूण पुष्कळदा एकच असते. दोघींना वेगळे करते ते काय, हे अजून कोणत्याही प्रतिपिंडाच्या रंगात उतरलेले नाही, आणि ॲटिपियाचा रिपोर्ट हाती आलेल्या बाईला डॉक्टर आज जो आकडा सांगतात तो नॅशव्हिल आणि रॉचेस्टरच्या त्याच कपाटांतून आलेला असतो.